लोटांगण घालणारे पंच

खोली भाड्याने मिळते का विचारायला मी त्यांच्या दारात गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, भाडं परवडेल का हेही विचारलं नाही. ओट्यावर उभं करून म्हणाले, "हात पुढे कर." मला वाटलं, भविष्य बघतात. मी तळहात पुढे केला. त्यांनी तो उलटा केला, एकेक नख अंगठ्याने चाचपलं, करंगळीपाशी थांबले आणि आत तोंड करून म्हणाले, "अहो, नराणी आणा." त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, नखं काढायची न्हाव्याची नराणी आणून दिली, पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यावा इतक्या सहज. करंगळीचं नख त्यांनी स्वतः काढलं, तेच बोट आपल्या गालावरून ओढून बघितलं आणि म्हणाले, "आता ओरखडा येत नाही. खोली मागच्या बाजूला आहे. बघून घे."

ही सत्तरच्या दशकातली, इस्लामपुरातली गोष्ट. साखर कारखान्यांना त्या वेळी हुतूतूचा भारी नाद होता. कागदोपत्री खेळाचं नाव कबड्डी झालं होतं, पण आमच्या तोंडी हुतूतूच. कुठे एखादा पोरगा बरा खेळतो असं कळलं की कारखान्याची माणसं त्याला उचलून आणत, ऊस मोजायच्या काट्यावर नाहीतर गोदामात चिकटवत आणि संध्याकाळी मैदानात उतरवत. मी कवठे महांकाळकडचा. आमच्याकडे पाऊस नाही, ऊस नाही, पण मोकळं रान भरपूर, त्यामुळे पोरं खेळात तयार. मला काट्यावर हंगामी घेतलं होतं. हंगामी म्हणजे गाळप संपलं की घरी. सांगलीचा कप जिंकून आणा, सगळ्यांना कायम करतो, असं आमचे मॅनेजर प्रत्येक सरावाला सांगायचे आणि आम्ही प्रत्येक सरावाला त्यावर विश्वास ठेवायचो.

आणि माझे घरमालक म्हणजे सातारा-सांगली पट्ट्यातले सगळ्यात नावाजलेले पंच. मूळचे वाईकडचे. साताऱ्याच्या एका शाळेत ड्रिलमास्तर होते, निवृत्त झाल्यावर काकूंच्या माहेरी, इस्लामपूरला घर बांधून राहिले. पांढरी हाफपँट, पांढरा सदरा, खडूने रंगवलेले पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. मान कायम डावीकडे वळलेली. समोरचा माणूस कितीही मोठा असो, हे त्याच्याकडे उजवा गाल करून उभे. लोकांना तो ताठा वाटायचा. मलाही वाटायचा.

पण त्यांचं खरं नाव झालं ते लोटांगणाने. सामना सुरू व्हायच्या आधी ते बूट काढत, शिट्टी तोंडात धरत आणि त्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी मैदानात आडवे होऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळत जात. मग उठून पलीकडच्या पट्ट्यात आडवे, परत लोळत इकडे. पाठीला काही टोचलं की थांबायचं, चाचपायचं, खडा उचलून खिशात टाकायचा. सगळं मैदान लोळून झालं की त्यांचे दोन्ही खिसे फुगलेले असत. मग कपडे झटकून म्हणत, "खेळा आता. मी पडलो तिथे तुम्ही पडायला हरकत नाही."

इस्लामपूरजवळच्या एका जत्रेत हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या शेजारच्या म्हातारीने हात जोडले होते. "आवं, कुठल्या देवाचा नवस म्हनायचा ह्यो?" तिने आमच्या कप्तानाला विचारलं.

"हुतूतूचा, आज्जी," कप्तान म्हणाला. "लय कडक देव हाय. नखं वाढवलेली चालत न्हाईत."

म्हातारीने आपली नखं पदराखाली घेतली. सामना संपल्यावर तिने पंचांच्या पायावर डोकं ठेवलं आणि पंचांनी तिला सवयीने हात पुढे करायला सांगितलं.

हे खडे ते फेकून देत नसत. ओट्याच्या कडेने ओळीने मांडून ठेवत. कुणी आलं की दाखवत. हा तासगावचा, हा आटपाडीचा, ही कऱ्हाडची काच. काचेजवळ आले की त्यांचा आवाज चढायचा. त्या दिवशी त्यांनी मैदानातली सगळी माती चाळून घेतल्याशिवाय सामना सुरू करू दिला नव्हता. प्रमुख पाहुणे हार घालून खुर्चीत बसलेले आणि दोन्ही संघांचे गडी चाळण्या घेऊन माती चाळताहेत, असा तो सामना झाला. पाहुणे हारासकट निघून गेले, पण कुणाच्या गुडघ्याला टाका पडला नाही.

नखं झाली की वास. अंगाला तेल चोपडलं की पकड निसटते, म्हणून काही बहाद्दर तेल लावून यायचे. हे एकेकाच्या दंडाला नाक लावत. करडईचं कोणतं, खोबरेल कोणतं, हे त्यांना वासावरूनच कळायचं. एक गडी अगदी रडवेला होऊन म्हणाला, "आवं सर, आईनं सकाळी न्हाऊ घालताना लावलंय."

"आईला सांग, सामना झाल्यावर लाव," ते म्हणाले, आणि त्याला मूठभर माती देऊन अंग घासायला बसवलं.

वाईट खेळ म्हणजे काय, हे मला त्यांनी ओट्यावर शिकवलं. तेही माझ्यावरच करून. मला चढाई करायला लावायचे आणि स्वतः, साठी उलटलेला माणूस, मला पकडायचे. घोटा धरायचा आणि धरता धरता हळूच पिरगाळायचा. चढाई करणाऱ्याचा दम तुटावा म्हणून तोंडावर हात दाबायचा. पाचजणांचा ढीग पडला की खालच्याच्या बरगडीत कोपर घालायचं. प्रत्येक वेळी मी कळवळलो की विचारत, "लोकांना दिसलं असतं का? नाही ना? म्हणून हे वाईट. धसमुसळा गडी मला चालतो. तो वेडा असतो. हसत हसत मारणारा नको." मग माझा घोटा चोळत आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "गडी बाद झाला तर परत जिवंत होतो. गुडघा बाद झाला तर होत नाही."

हे बाद होणं आणि जिवंत होणं त्यांनी घरातही आणलं होतं. खेळात आपला गडी बाद झाला की बाहेर बसतो, समोरच्यांचा एखादा बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. घरात दोन संघ होते. एक मालकांचा, म्हणजे ते आणि काकू. दुसरा भाडेकरूंचा, म्हणजे मी एकटा. चूक केली की शिट्टी वाजायची आणि चूक करणाऱ्याने ओट्यावर जाऊन बसायचं. समोरच्या संघाकडून चूक होईपर्यंत आत यायचं नाही. ओला टॉवेल खाटेवर टाकला, बाद. भांडं आपटलं, बाद. सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे फाटक उघडं टाकणं, कारण शेजारची शेळी त्याचीच वाट बघत असायची आणि आत शिरली की त्यांचा मोगरा खाऊन जायची. नियम सगळ्यांना सारखे. एकदा स्वतःच्या हातून कपबशी फुटली तेव्हा त्यांनी स्वतःवर शिट्टी मारली आणि ओट्यावर जाऊन बसले. मी त्या दिवशी पहिल्या पाळीला होतो. परत येऊन टॉवेल टाकेपर्यंत ते बसून होते.

काकूंनी मात्र या खेळाचं मर्म ओळखलं होतं. स्वयंपाकाचा कंटाळा आला की त्या जोरात भांडं आपटायच्या, शिट्टी वाजली की हात पुसत ओट्यावर जाऊन बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी निवांत गप्पा मारायच्या. भाजी आत करपायची. "मला जिवंत करायची घाई करू नकोस हं," असं मला खुणेने सांगायच्या.

त्यांचा आणखी एक रिवाज होता, आणि तो मान्य असल्याशिवाय ते पंचगिरीला उभेच राहत नसत. कुणाच्या डोक्याला मार बसला की ते खेळ थांबवायचे आणि त्या गड्याला एक प्रश्न विचारायचे. उत्तर बरोबर आलं तर खेळ, चुकलं तर बाहेर. तेव्हा आमच्याकडे गडी स्वतः 'मी बरा आहे' म्हणाला की पंचाचं काही चालायचं नाही, आणि गडी तर पाय तुटला तरी बरा आहेच म्हणायचा. म्हणून हा प्रश्न. सुरुवातीला ते बायकोचं नाव विचारत. तासगावला एका गड्याचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यावर आपटलं. यांनी विचारलं, "बायकोचं नाव काय?" गडी लाजून खाली बघायला लागला. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. यांनी त्याला बाहेर काढलं. तो ओरडत होता, "आवं, एवढ्या लोकांत बायकूचं नाव कसं घ्यू?" पण उत्तर नाही म्हणजे नाही. संध्याकाळी त्याचा सासरा भांडायला आला, माझ्या पोरीचं नाव जावयाला येत न्हाई असं गावभर झालं म्हणून. तेव्हापासून त्यांनी प्रश्न बदलला. सकाळी काय खाल्लंस, एवढंच विचारायचे. खाल्लेलं सांगायला कुणी लाजत नाही. मग संघातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारून उत्तराची खात्री करून घ्यायची.

त्या वर्षी सांगलीच्या कपाच्या अंतिम सामन्यात आमचा कारखाना पोचला. समोर साताऱ्याकडचा संघ. पंच म्हणून यांचं नाव निघालं तेव्हा हे स्वतः म्हणाले, "माझा भाडेकरू खेळतोय. दुसरा माणूस बघा." साताऱ्याच्या कप्तानाने ऐकलं नाही. "तुमीच पायजे, सर. तुमी सख्ख्या भावाला बी सोडायचा न्हाई." आमचा कप्तान म्हणाला, "त्येच तर भ्या वाटतंय." त्यांच्या शब्दावर दोन्ही जिल्ह्यांतला माणूस डोळे मिटून विश्वास ठेवायचा. त्या विश्वासापलीकडे त्यांच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांना ते पुरत होतं.

सामन्याच्या दिवशी ते माझ्याशी एक अक्षर बोलत नसत. पंगतीलाही बसत नसत. माझं ताट पडवीत, त्यांचं आत. सांगलीला जायला दोघेही एकाच स्टँडवर उभे होतो. बस आली तसा मी चढलो. ते चढले नाहीत. मागच्या बसने आले.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. मी चढाईला गेलो. दोघांना शिवलो आणि मधल्या रेघेकडे झेप घेतली. रेघ हाताला लागणार तेवढ्यात तीन-चारजण अंगावर आले. त्यातल्या त्यांच्या कोपऱ्यातल्या गड्याने पडता पडता माझ्या कानशिलावर गुडघा घातला. तो हसत होता, एवढं मला दिसलं. नंतर मैदान थोडा वेळ माझ्याभोवती फिरत राहिलं.

शिट्टी वाजली. त्या हसणाऱ्याला त्यांनी तिथल्या तिथे सामन्यातून काढून टाकलं आणि ती चढाई रद्द धरली, म्हणजे मी बाद नव्हतो. मग माझ्याकडे आले. मी उठून उभा राहिलो होतो. आमचे मॅनेजर खुर्चीवर चढून माझ्या नावाने ओरडत होते. मला तेव्हा एकच गोष्ट कळत होती. आणखी एक चढाई, दोन गुण, आणि मी कायम. गावी आईला सांगता येणार होतं की आता मी उन्हाळ्यात परत येणार नाही.

"सकाळी काय खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"पोहे," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच नव्हती, कारण मी त्यांच्याच घरात राहतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी शिट्टी फुंकली. "चूक. उप्पीट होतं. गडी बाहेर."

आमचा कप्तान धावत आला. "आवं सर, गडी ठणठणीत हाय की. पोहं का उप्पीट, ह्याच्यावरनं कप जायाचा व्हय आमचा?"

"उप्पीट होतं," ते म्हणाले.

"न्यारीवरनं गडी बाद झालेला मी जल्मात बघितला न्हाई."

"आता बघितलास. जागेवर जा."

मी रेघेबाहेर बसलो आणि सामना एका गुणाने गेला. मॅनेजर खुर्चीवरून उतरले आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मैदानाबाहेर मी दोनदा ओकलो. कप्तानाला मी विचारलं, सामना कधी सुरू होणार? त्याने सांगितलं, संपला. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. तोवर पंच टांगा घेऊन आले होते. सामन्याचा दिवस असूनही ते माझ्या शेजारी बसले आणि मला सांगलीतल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. बरं वाटल्यावर म्हणाले, "तिथेच आणखी एक फटका बसला असता, तर तू इथवर आला नसतास." मी मान डोलावली, पण डोक्यात एकच होतं. उप्पीट.

घरी आल्यावर काकू पेज भरवत होत्या तेव्हा मी म्हणालो, "काकू, माझं डोकं बिघडलंय. मला उप्पीट आठवतच न्हाई."

"उप्पीट?" काकू म्हणाल्या. "उप्पीट कुठलं? पोहे केले होते मी."

मला आधी आनंद झाला, की आपलं डोकं शाबूत आहे. आणि लगेच असा संताप आला की पेज बाजूला सारून मी तसाच ओट्यावर गेलो. ते खडे पुसत बसले होते. "सर, पोहंच व्हतं," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. "असेल," म्हणाले. "माझी चूक झाली."

आजवर त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. मी ते कप्तानाला सांगितलं आणि कप्तानाने गावाला. आठवड्याभरात पानपट्टीपासून कारखान्यापर्यंत एकच विषय. म्हातारं इसरायला लागलंय. स्वतःच्या घरात काय शिजलं ते आठवत न्हाई, त्यो गुण काय मोजणार? कुणी रस्त्यात भेटलं की विचारायचं, "सर, आज काय खाल्लं?" ते शांतपणे सांगायचे. पुढच्या महिन्यात मिरजेला मोठे सामने होते. त्यांना बोलावणं आलं नाही. नंतरच्या सामन्यांचंही आलं नाही. काकू एकदा मला म्हणाल्या, "सकाळी अंगणातच लोळून बघत होते. एक खडा सापडला, किती खूश झाले."

मला हसू आलं नाही. पण राग होताच. कारखान्याने मला कायम केलं नाही. गाळप संपलं तसा मी गावी गेलो, उन्हाळा काढला, पावसाळा काढला, आणि पुढच्या हंगामाला हंगामी म्हणूनच परत आलो. खोली दुसरीकडे बघणार होतो. काकूंच्या हाताची आमटी आठवली आणि तिथेच आलो, पण ओट्यावर बसणं मी बंद केलं. ते नखं बघायला आले की मी हात पुढे करायचो आणि दुसरीकडे बघायचो.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. काकूंना चिवडा करायचा होता. मला म्हणाल्या, "दुकानातून पोहे आण. पातळ आण, नीट बघून. यांच्यासारखं करू नकोस."

"त्यांनी काय केलं?"

"केलं काय, आणले ते बरोबरच. तुझ्या त्या सांगलीच्या सामन्याच्या दिवशी घरात पातळच पोहे होते. मी म्हटलं, फोडणीला टाकते तेच. तर म्हणाले, त्याचा लगदा होईल, गड्याच्या पोटाला काय धरणार? आणि सकाळी सकाळी दुकान उघडायला लावून स्वतः जाड पोहे घेऊन आले. म्हणून म्हणते, आज जाड नकोत."

मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. काकूही थांबल्या. त्यांच्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला असावा. जो माणूस स्वतः पोहे घेऊन आला, तो दुपारपर्यंत ते विसरेल कसा?

काकू हळूच म्हणाल्या, "त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, माहीत आहे का तुला? तरुणपणी साताऱ्याला खेळताना गुडघा बसला होता. मी बरा आहे म्हणाले, आणि परत चढाईला गेले. दुसरा फटका बसला तो त्याच जागी." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तेव्हा यांना कुणी काही विचारलं नाही."

म्हणजे ती वळलेली मान ताठ्याची नव्हती. समोरच्याचं बोलणं चुकू नये म्हणून ते चांगला कान पुढे करत होते, आणि आम्ही सगळे त्यांना गर्विष्ठ म्हणत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त, त्यांच्याविषयी फार माया वाटली.

ते आत आरामखुर्चीत शिट्टी पुसत होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. "सर, तुमाला म्हाईत व्हतं. पोहं तुमीच आणलं व्हतं."

ते शिट्टी पुसता पुसताच म्हणाले, "तू उत्तर बरोबर दिलंस. पण माझ्याकडे बघून दिलं नाहीस. तुझे डोळे माझ्या खांद्यामागे कुणालातरी शोधत होते, आणि तिथे कुणी नव्हतं. तुला आत सोडलं असतं तर तू गेला असतास. आणि तो हसणारा एकच नव्हता त्यांच्यात."

"मग तसं सांगायचं लोकास्नी."

"काय सांगायचं? की उत्तर बरोबर आलं तरी पंचाने बाहेर काढलं? मग उद्यापासून त्या प्रश्नाला कोण विचारतो? प्रत्येक गडी म्हणेल, हा पंच खोटं बोलतो. पंच विसरभोळा आहे म्हणू देत. त्याने कुणाचं डोकं फुटत नाही." मग त्यांनी माझ्याकडे उजवा गाल केला. "हे तू कुणाला सांगायचं नाहीस."

"तुमचं नाव गेलं की, सर."

"गेलं," ते म्हणाले. "रडीचा डाव खेळलो मी. सगळ्या आयुष्यात एकदाच, पण खेळलो. रडीचा डाव खेळणाऱ्याला काय शिक्षा असते?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी शिट्टी तोंडात धरली, स्वतःवर वाजवली, खुर्चीतून उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. खड्यांच्या ओळीशेजारी, पाय जुळवून, बाद झालेला गडी बसतो तसे.

काकूंनी आत बोलावलं. आले नाहीत. चहा नेला. घेतला, पण तिथेच. मी म्हटलं, झालं गेलं, आता चला. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "समोरच्यांचा गडी बाद झाल्याशिवाय मी जिवंत कसा होणार?" ऊन ओट्यावर चढत होतं. त्यांच्या टकलावर घाम आला होता आणि त्यांची आत यायची काही लक्षणं नव्हती.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग पिशवीकडे बघितलं. "पोहे आणायला जायचं होतं ना तुला?"

मी पिशवी उचलली, त्यांच्यासमोरून अंगणात गेलो, फाटक सताड उघडलं आणि ते तसंच ठेवून रस्त्याला लागलो. चार पावलं गेलो असेन तेवढ्यात शेजारची शेळी माझ्या पायाला घासून आत शिरली. मागे एवढी खणखणीत शिट्टी वाजली की रस्त्यावरची माणसं थांबली.

"फाटक उघडं. भाडेकरू बाद." ते उठून उभे होते. चेहरा कडक ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण तो राहत नव्हता. "मुद्दाम केलंस."

"लक्षात न्हाई राहिलं, सर."

"खोटं बोलतोस."

"व्हय, सर."

त्यांनी शेळीला मोगऱ्यावरून हाकललं, कपडे झटकले, आणि जिवंत झालेला गडी जातो तशा ताठ मानेने आत गेले. ते आज नाहीत, म्हणून हे सांगतोय. त्यानंतरही मोठ्या सामन्यांना त्यांना कुणी बोलावलं नाही. लहान गावांच्या जत्रेतले सामने तेवढे करत राहिले आणि प्रत्येक मैदानात मनापासून लोळले. मला पुढच्या वर्षी कायम केलं, तेही कपासाठी नाही, काट्यावरच्या कामासाठी.

पण त्या दिवशी नियमाप्रमाणे मी ओट्यावर जाऊन बसलो. जागा त्यांच्या अंगाने अजून गरम होती. शेजारी तासगावचा खडा, आटपाडीचा खडा, कऱ्हाडची काच. डोक्यावर ऊन आणि हातात रिकामी पिशवी. आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता, ते काकूंना माझा गुन्हा समजावून सांगत होते.

थोड्या वेळाने काकूंनी आत भांडं आपटलं.